स्टिंगरे हलवायला जाळी की टब?

टाकीत पाळल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातल्या स्टिंगरे या चपट्या माशासाठी विकली जाणारी मोठी, मऊ धाग्यांची जाळी हातात भक्कम लागते, पण या कामाला ती चुकीचीच. शेपटीवरच्या विषारी काट्याला उलटे दाते असतात. ते धाग्यांत अडकले की मासा तडफडतो आणि सोडवायला गेलेला हात नेमका शेपटीच्या टप्प्यात येतो.

त्यापेक्षा सपाट तळाचा, गुळगुळीत, जाड प्लास्टिकचा टब बरा. रुंदी माशाच्या चकतीच्या, म्हणजे शेपटी सोडून उरलेल्या गोल, चपट्या अंगाच्या, किमान दीडपट हवी. टब आडवा करून टाकीत बुडवा, लांब दांडीच्या फळीने मासा न घाबरवता आत सरकवा आणि पाण्यासकट उचला. त्याआधी हीटर बंद. पाणी धरून वजन भलतंच वाढतं, म्हणून माणसं दोन हवीत. पातळ टब इथेच मार खातात: उचलताना कडा वाकते, पाणी एका बाजूला धावतं. झाकण लागतंच, पण त्याला हवेची भोकं स्वतः पाडावी लागतात.

काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, ३० ते ९० मिनिटं बुडवा. वेदना थांबली तरी डॉक्टरांना दाखवा. काट्याचा तुकडा आत राहू शकतो.