लांब पल्ल्याच्या लाइनसाठी फायबर: जी.६५२डी, जी.६५५ की जी.६५४ई?

जी.६५२डी, जी.६५५ आणि जी.६५४ई ही आयटीयूच्या मानकांतल्या फायबरच्या प्रकारांची नावं. नवी लाइन टाकताना बरेच जण अजूनही आधी डिस्पर्शनचा, म्हणजे वाटेत प्रकाशाचे स्पंद किती पसरतात याचा, आकडा पाहतात. १० गिगाबिटच्या काळात ते बरोबरच होतं. आता कोहेरंट रिसीव्हर, म्हणजे प्रकाशाच्या पॉवरबरोबर फेजही वाचणारा रिसीव्हर, डिस्पर्शन आकडेमोडीनेच भरून काढतो. उरतात दोन वैरी: ॲम्प्लिफायरचा नॉइज आणि काचेचा नॉनलिनिअर स्वभाव. म्हणून निवड लॉस (वाटेत किती प्रकाश घटतो) आणि प्रभावी क्षेत्रफळ (फायबरमध्ये प्रकाश किती जागेत पसरतो) पाहून करा.

या दोघांवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पॉवर वाढवली की ॲम्प्लिफायरचा नॉइज मागे पडतो. पण प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर काचेचा अपवर्तनांक किंचित बदलतो, आणि पॉवर १ डीबी वाढली की नॉनलिनिअर नॉइज ३ डीबीने वाढतो. चालू लाइनवर अर्ध्या-अर्ध्या डीबीने पॉवर चढवून पाहा. ॲनालायझरवर ओएसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर) सुधारतच जातो, एफईसीआधीचा बीईआर (चूक-दुरुस्तीच्या आधीचं चुकलेल्या बिट्सचं प्रमाण) मात्र एका जागी उलटा फिरतो. त्या वळणावर बीईआर जितका कमी, तितकं ते फायबर चांगलं.

समजा, समृद्धी महामार्गाच्या कडेने मुंबई–नागपूर लाइन टाकायची आहे. ७०१ किलोमीटर म्हणजे ८० किलोमीटरचे साधारण नऊ टप्पे (टप्पा म्हणजे दोन ॲम्प्लिफायरमधलं अंतर). जी.६५२डीचा लॉस किलोमीटरला ०.२० डीबी धरला तर टप्प्याला १६ डीबी. चॅनेलची पॉवर ० डीबीएम आणि ॲम्प्लिफायरचा नॉइज फिगर (तो स्वतः किती नॉइज घालतो) ५ डीबी घेऊ. या हिशेबातल्या ५८ या ठरलेल्या स्थिरांकामधून १६, ५ आणि नऊ टप्प्यांचे ९.५ वजा केले की ओएसएनआर येतो २७.५ डीबी. जी.६५४ईचा लॉस ०.१७ धरला तर टप्पा १३.६ डीबीचा होतो आणि ओएसएनआर ३० च्या घरात जातो. जोड आणि दुरुस्तीसाठीची राखीव यात धरलेली नाही.

शिवाय जी.६५२डीचं प्रभावी क्षेत्रफळ ८० चौरस मायक्रोमीटरच्या आसपास असतं, तर जी.६५४ईचं ११० ते १३०. तीच पॉवर जास्त जागेत पसरते, तीव्रता घटते. दोन्ही फायदे मिळून कागदावर ३ डीबीच्या आसपास पदरात पडतात, आणि तेवढ्यात त्याच मॉड्युलेशनने जवळपास दुप्पट अंतर गाठता येतं.

मात्र जी.६५४ई महाग आहे. १३१० नॅनोमीटरला ते सिंगल मोड राहत नाही (प्रकाश एकापेक्षा जास्त मार्गांनी जातो), म्हणून त्या तरंगलांबीची स्वस्त ऑप्टिक्स त्यावर चालवता येत नाहीत. जी.६५२शी जोडताना मोडचा, म्हणजे प्रकाशाच्या ठिपक्याचा, व्यास जुळत नाही आणि एका जोडाला ०.१५ डीबीच्या आसपास जातात. दुरुस्ती पथकाने गाडीत पडलेलं जी.६५२ मध्ये घुसवलं, तर तुकड्याच्या दोन्ही टोकांना हा भुर्दंड बसतो. त्यामुळे सुटं फायबर त्याच जातीचं ठेवा.

नव्या लाइनसाठी जी.६५५ घेऊ नका. त्याचं डिस्पर्शन मुद्दाम कमी ठेवलं होतं, जी.६५२च्या १७ ऐवजी दर नॅनोमीटर-किलोमीटरला ४-५ पिकोसेकंदांच्या आसपास, आणि प्रभावी क्षेत्रफळही बहुधा ५० ते ७२. डिस्पर्शन कमी असलं की शेजारचे चॅनेल बराच वेळ एकमेकांना धरून चालतात आणि फोर-वेव्ह मिक्सिंग (चॅनेल मिसळून नको असलेल्या तरंगलांबी तयार होणं) बळावतं. १५५० नॅनोमीटरला शून्य डिस्पर्शन असलेल्या जी.६५३ने डीडब्ल्यूडीएम (एकाच फायबरमध्ये जवळजवळच्या तरंगलांबींचे अनेक चॅनेल) आल्यावर हेच भोगलं. जपानने ते मोठ्या प्रमाणावर टाकलं होतं. आज आपल्याला डिस्पर्शन हवंच आहे.

जी.६५५ आधीच जमिनीत असेल तर उकरू नका. चॅनेलची पॉवर थोडी उतरवा, आणि कोहेरंट चॅनेलच्या अगदी शेजारी जुने १० गिगाबिटचे चॅनेल ठेवू नका. त्यांच्या उघडझाप होणाऱ्या पॉवरने कोहेरंट सिग्नलचा फेज ढवळून निघतो. मध्ये रिकामी पट्टी सोडा.

एखादाच टप्पा घाटामुळे किंवा खाडीमुळे लांबला असेल, तर त्या एका टप्प्यासाठी सगळी केबल बदलू नका, रामन ॲम्प्लिफायर (पंप लेसरने फायबरमध्येच सिग्नल वाढवणारा) लावा. त्याचा पंप काही शे मिलीवॉटचा असतो, कनेक्टरवर धूळ असेल तर टोक जळतं. पंप बंद असताना टोक साफ करा, स्कोपखाली पाहा, मगच तो चालू करा.

शहरातली, दीड-दोनशे किलोमीटरपर्यंतची लाइन असेल तर डोळे झाकून जी.६५२डी घ्या. पाचशेच्या पुढची, वीस-पंचवीस वर्षं वापरायची लाइन असेल, तर मी जी.६५४ईचे पैसे मोजेन. खोदाईचा खर्च दोन्हीकडे तेवढाच येतो.