सिमेंटच्या कोर्टावर सात नंबरचा रबरी बॉल: अरविंग-लेब्रॉनच्या खेळाच्या कसोटीवर

19 जून 2016. अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल लीगच्या फायनलचा निर्णायक सातवा सामना, क्लीव्हलंड विरुद्ध गोल्डन स्टेट, 89-89 बरोबरी, शेवटचं मिनिट. क्लीव्हलंडच्या जे. आर. स्मिथने स्क्रीन लावली, म्हणजे अंगाने बचावपटूची वाट अडवली, त्याचा सहकारी कायरी अरविंगसमोर गोल्डन स्टेटच्या थॉम्पसनऐवजी करी आला आणि अरविंगने उजवीकडे मागे सरकत तीन पॉइंटचा शॉट घातला. घड्याळात 53 सेकंद होते. क्लीव्हलंड 93-89 जिंकलं. अरविंगचे 26 पॉइंट, त्याचा जोडीदार लेब्रॉन जेम्सचे 27, शिवाय लेब्रॉनचे 11 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) आणि 11 असिस्ट (बास्केट करून देणारा पास). जोडीने खेळावं कसं, हे पोरांना दाखवायला याहून चांगला सामना नाही. ही चाल जळगाव-धुळ्याच्या सिमेंट कोर्टावर बसवायची तर बॉल कोणता घ्यावा? खोल खाचांचा, दाणेदार रबरी बॉल, 500 ते 900 रुपयांतला. आमचं मत ठाम आहे.

त्या शॉटचा जीव बॉलच्या जमिनीवरच्या शेवटच्या टप्प्यात आहे. तो टप्पा जोरात पडतो, पाय मागे जात असतानाच बॉल दोन्ही हातांत येतो आणि बोटं न चाचपता बसावी लागतात. इथे खोल खाच कामाला येते. आपल्याकडच्या काळ्या मातीची बारीक धूळ गुळगुळीत बॉलवर बसली की बॉल साबणासारखा निसटतो. रबरी बॉल ओल्या फडक्याने पुसला की पुन्हा पकड देतो. महागडा कंपोझिट (कृत्रिम चामड्याचा) बॉल लाकडी फ्लोअरवर फार छान, पण सिमेंट त्याची साल खरवडून काढतं आणि धूळ आत मुरते. तो बाहेरच्या कोर्टावर नेऊच नका.

रबरी बॉलचा दोषही सांगायला हवा: तो कडक असतो. रिंगला लागला की लांब उडतो, त्यामुळे रिबाउंडला उभं राहणाऱ्याने अर्धं पाऊल मागे थांबावं.

खरी गडबड हवेत होते. एनबीएच्या बॉलला 7.5 ते 8.5 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा लागते; बॉलवर छापलेला आकडा वेगळा असेल तर तो पाळा. सकाळी 25 अंशांत 8 भरलेली हवा 45 अंशांत साधारण 9.5 होते. भुसावळच्या मे महिन्यात असा बॉल उन्हात राहिला तर आतल्या दोऱ्याच्या वेटोळ्यावर ताण येतो, एका बाजूला फुगवटा धरतो आणि टप्पा वाकडा पडायला लागतो. असा बॉल परत गोल होत नाही. उलट धुळ्यात डिसेंबरच्या पहाटे 9-10 अंशांत तोच बॉल मऊ पडतो, टप्पा मांडीपर्यंतच येतो आणि पोरगा खाली बघत ड्रिबल करायला लागतो. म्हणून हवा खेळायच्या वेळीच तपासावी. गेज नसेल तर बॉलचा तळ 1.8 मीटरवर धरून नुसता सोडा. उसळल्यावर बॉलचा माथा 1.2 ते 1.4 मीटरमध्ये आला की ठीक. लेब्रॉनसारखा पळता पळता एका हाताने टप्पा पास द्यायचा असेल तर हे जास्तच जपा, कारण जास्त हवेचा बॉल घेणाऱ्याच्या छातीवर आदळतो.

सुई कोरडी कधीच घालू नका, व्हॉल्व्हचं रबर फाटतं. ग्लिसरीनचा एक थेंब पुरे. रात्रीत हवा उतरत असेल तर बॉल बादलीत दाबून व्हॉल्व्हपाशी बुडबुडे येतात का बघा.

दुकानात बॉल हातात फिरवून सोडा: शिवणी डगमगताना दिसल्या तर दुसरा मागा. नंबर म्हणजे बॉलचा आकार: मुलांसाठी सात नंबर, मुलींसाठी सहा, बारा वर्षांखालच्यांना पाच. लहान मुलाला सात नंबर दिला की तो खांद्यावरून फेकायला शिकतो आणि ती सवय पुढे सुटत नाही. अंगठ्याखालचे दाणे झिजून सपाट झाले की बॉल शूटिंगला ठेवू नका, पासिंगच्या सरावाला काढा.