अभ्यंग घ्यावं की थाई मसाज?

मसाज घ्यायचाय पण कुठला ते ठरत नसेल तर आधी एवढंच बघा, अंग थकलंय की आखडलंय? बोर्डावर दोन्हीकडे होलिस्टिकच लिहिलेलं असतं, आत गेल्यावर मात्र काम एकदम वेगळं चालतं.

अभ्यंगात कोमट तेल, बहुतेक तिळाचं नाहीतर नारायण तेल, वरून खाली एका लयीत चोळतात आणि मग वाफ. दाब बेताचाच, त्यामुळे झोप उडालीये, त्वचा कोरडी पडलीये, डोकं जड आहे अशांना हे जास्त मानवतं. दिवाळीला पहाटे आई तेल लावायची ना, तेच की हे. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तर हे रोजच्या दिनचर्येतच सांगितलंय, डोकं, कान आणि तळपायांवर खास भर देऊन, म्हणून मला वाटतं वर्षातून एकदा महागडं पॅकेज घेण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा आंघोळीआधी घरीच तेल लावलेलं बरं, पैसेही वाचतात. फक्त अपचन झालं असेल किंवा कफ वाढला असेल तेव्हा नको.

थाईमध्ये तेलच नाही, सैल कपडे घालून खाली गादीवर झोपायचं आणि समोरचा अंगठे, कोपर, गुडघे वापरून दाबतो, हातपाय धरून ताणतो. बँकॉकच्या वाट फो मंदिरात याचं शिक्षण मिळतं, 2019 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही आलं. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून मांड्यांमागचे स्नायू आणि खांदे आखडलेल्यांना याने मोकळं वाटतं. कपडे काढायला संकोच वाटतो त्यांनाही हेच सोयीचं. पण हे घरी स्वतःचं स्वतः जमत नाही, सगळं करणाऱ्याच्या हातावर, त्यामुळे ट्रेनिंग कुठे घेतलं ते बिनधास्त विचारा, आणि दुखलं की लगेच सांगा, सहन करत बसू नका.

टॉक्सिन्स निघतात वगैरे दोन्हीकडे ऐकवतील, ते सोडून द्या, ते काम लिव्हर-किडनीचं. कंबरदुखीवर मसाजचा उपयोग होतो का, यासाठी कोक्रेन (उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) च्या 2015 च्या आढाव्यात 25 चाचण्या तपासल्या होत्या, त्यात थोडे दिवस आराम दिसला पण पुरावा कच्चाच निघाला.

हाडं ठिसूळ असतील, स्लिप डिस्क असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर थाईच्या वाटेला जाऊच नका. पायात रक्ताची गुठळी असेल तर दोन्ही बंद. कंबरेतून पायात मुंग्या येत असतील तर आधी ऑर्थोला दाखवा. आणि अभ्यंग बुक करताना वाफेचे पैसे वेगळे आहेत का ते फोनवरच विचारून घ्या.