अँजिओप्लास्टीनंतरचा व्यायाम: केंद्रात जावं की घरीच करावा?

डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी असते आणि तळाशी दोन शब्द: 'हलका व्यायाम'. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बाईनं त्यातून काय समजायचं? याच दोन शब्दांमागे कार्डिॲक रिहॅब असतं, म्हणजे हृदयाच्या आजारानंतर देखरेखीखाली शिकवला जाणारा व्यायाम. जगभर बायकांना तिकडे पाठवलंच कमी जातं आणि अर्ध्यावर सोडणाऱ्याही त्याच जास्त.

केंद्रात ट्रेडमिल, ईसीजी मॉनिटर आणि शेजारी फिजिओ असतो. छातीत धडधडलं तर घाबरायचं की नाही, हे तिथंच कळतं. तो धीर मोठा. पण अमेरिकेतला नेहमीचा कोर्स 12 आठवड्यांत 36 खेपांचा. अक्कलकोटहून येणारीला एसटीत 2023पासून अर्धं तिकीट आहे, तरी खरा फटका तिकिटाचा नाहीच. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं मिळते. सकाळ गेली की हजार भरत नाहीत. सोबत आलेल्या मुलाचा खाडा वेगळा.

घरी केलं तर? धोका कमी किंवा मध्यम असेल, तर दमसास वाढवण्यात घरचा व्यायाम केंद्राच्या जवळपास बरोबरीचा ठरलाय. मात्र 'रोज चाला' एवढंच सांगून सोडणं म्हणजे रिहॅब नव्हे. फोन येत राहायला हवा: किती मिनिटं चाललात, बीपी किती, गोळी चुकली का? तोही तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या घरात त्यांच्या भाषेत. वेगाचं माप सोपं आहे: चालताना बोलता यावं, गाता येऊ नये. उन्हाळ्यात मात्र इथं सकाळी सातच्या आत उरकायचं.

योगाचा पर्यायही आहे. देशातल्या 24 रुग्णालयांत 3,959 पेशंटवर 13 वर्गांचा कोर्स तपासला गेला. मृत्यू किंवा पुन्हा ॲटॅक ठळकपणे कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. पण लोकांना बरं वाटलं, पूर्वीची कामंही जास्त करता आली. शिवाय चादर अंथरली की जागा तयार, आणि ती तर आपल्याच गावची.

हृदयाचं पंपिंग (रिपोर्टवरचं 'ईएफ') 40 टक्क्यांखाली असेल, चालताना छाती भरून येत असेल, ठोके चुकत असतील, तर आधी केंद्रच. तिथं काटकसर नको. बाकीच्यांनी तीन-चार खेपा केंद्रात करून पुढचं घरी करावं, असं माझं मत. आणि केंद्र निवडताना एक गोष्ट बघाच. विड्या वळताना तंबाखूतलं निकोटिन कातडीतून अंगात जातं. व्यायाम शिकवणारा "काम काय करता?" असं विचारतो का?