सिल्डेनाफिल की टाडालाफिल? दोन्ही घेऊन पाहिल्यावर

डॉक्टरांनी तपासून लिंगाच्या ताठरतेसाठी गोळी लिहून द्यायचं ठरवलंय, पण कुठली घ्यावी यावर तुमचं मन ठरत नसेल, तर माझा अनुभव सांगतो. मी सिल्डेनाफिल सात-आठ महिने घेतली, आता टाडालाफिल घेतो.

काम दोन्हींचं एकच. इच्छा असेल तेव्हा रक्त यायला वाट मोकळी करून देतात. इच्छा निर्माण करत नाहीत. फरक आहे तो वेळेचा. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घ्यायची, असर चारेक तास. टाडालाफिलचा 36 तासांपर्यंत राहतो, शिवाय 5 मिलिग्रॅमची गोळी रोज ठरल्या वेळी घेता येते.

मला सिल्डेनाफिलमध्ये खुपलं ते घड्याळ. एका शनिवारी घरी पाहुणे होते, श्रीखंड-पुरीचं जेवण झालं. साडेनऊला गुपचूप गोळी घेतली. साडेदहा वाजले, अकरा वाजले, काहीच नाही. तेलातुपाच्या जेवणानंतर ती तासभर उशिरा लागू पडते, हे मला नंतर कळलं. बायको हळूच म्हणाली, "सारखं घड्याळाकडे काय बघताय? माझ्याकडे बघा ना." ते फार लागलं. टाडालाफिलला जेवणाचं बंधन नाही, आणि रोजची झाल्यापासून ती बीपीच्या गोळीसारखी विसरून जाता येते.

टाडालाफिलनं पहिले दोन आठवडे माझी कंबर आणि पोटऱ्या दुखल्या, हे खरं. सिल्डेनाफिलनं चेहरा तापायचा, नाक चोंदायचं. महिन्यातून एखाद-दोन वेळाच गरज पडत असेल, तर सिल्डेनाफिल कदाचित पुरेल. रोजच्या गोळीचा खर्च मला तरी जास्त येतो.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी आणि या दोन्ही एकत्र कधीही चालत नाहीत. रक्तदाब धोकादायक रीतीनं घसरतो. सिल्डेनाफिलनंतर निदान 24 तास, टाडालाफिलनंतर निदान 48 तास नायट्रेट घ्यायचं नाही. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर आपण काय घेतो हे घरच्यांना सांगता आलं पाहिजे.

आणि मेडिकलमधून परस्पर आणू नका. युरॉलॉजिस्टनी मला आधी विचारलं, सकाळी जाग येते तेव्हा ताठरता असते का. मग साखर, कोलेस्टेरॉल, सकाळचं टेस्टोस्टेरॉन तपासलं. माझी साखर वाढलेली तिथेच सापडली. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असतात, त्यामुळे बिघाड कधी कधी आधी इथेच दिसतो.

बायकोलाही विचारा. माझं सुरळीत झालं तेव्हा कळलं, की पाळी गेल्यापासून तिला कोरडेपणामुळे दुखत होतं आणि ती गप्प सोसत होती. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दिलं. त्याचा गुण यायला काही आठवडे गेले. तेवढे दिवस आम्ही थांबलो. रोजची गोळी असल्यामुळे मला कसली घाईही नव्हती.