यूएसबी डिस्क दिसेना: ड्रायव्हर अपडेटर घ्यावा की डिव्हाइस मॅनेजर उघडावा?

पेनड्राइव्ह किंवा पोर्टेबल हार्ड डिस्क एका संगणकावर व्यवस्थित चालते आणि दुसऱ्यावर जोडली असता दिसतच नाही, तेव्हा संशय दुसऱ्या संगणकातील ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजला ते उपकरण चालवता यावे म्हणून लागणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, जातो आणि तो पुष्कळदा रास्तही असतो. त्यानंतर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे संपूर्ण संगणक तपासून जुने ड्रायव्हर शोधणारे आणि त्यांच्या जागी नवे बसवून देणारे अपडेटर सॉफ्टवेअर. दुसरा म्हणजे विंडोजमध्ये मुळातच असलेला, संगणकाच्या सर्व उपकरणांची यादी दाखवणारा डिव्हाइस मॅनेजर. माझ्या डेस्कटॉपवर आणि नात्यातील मंडळींच्या लॅपटॉपवर मी हे दोन्ही मार्ग वापरले आहेत. मोजमाप ठेवलेले नाही, त्यामुळे पुढील मत अनुभवाचे म्हणूनच वाचावे.

अपडेटरची बाजू लंगडी नाही. ज्यांना डिव्हाइस मॅनेजरची ती लांबलचक यादी उघडायचीच धास्ती वाटते, त्यांना एका बटणावर सारी तपासणी होणे हा मोठा दिलासा असतो. बरीचशी अपडेटर सॉफ्टवेअर बदल करण्यापूर्वी रिस्टोअर पॉइंट (बिघडल्यास आधीच्या स्थितीत परतण्याची सोय) तयार करतात, हेही चांगलेच आहे. ग्राफिक्स किंवा वायफायच्या ड्रायव्हरबाबत त्यांचा उपयोग होताना मी पाहिला आहे. तपासणी फुकट आणि दुरुस्तीसाठी वर्गणी, ही पद्धत मला रुचत नाही. पण केवळ तेवढ्यामुळे मी त्यांना नाकारले नसते.

माझा निर्णय झाला तो एका तारखेमुळे. यूएसबी साठवणुकीचा ड्रायव्हर हा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीचा नसतो; तो मायक्रोसॉफ्टचा असतो आणि विंडोजबरोबरच येतो. डिस्क कोणत्याही कंपनीची असली, तरी सर्वसाधारणपणे काम करतो तो हाच. त्याचे गुणधर्म उघडून पाहिल्यास तारीख दिसते २१ जून २००६. ही तारीख विंडोज व्हिस्टाच्या काळातील आहे आणि विंडोजबरोबर येणाऱ्या बहुतेक ड्रायव्हरांना मायक्रोसॉफ्टने ती मुद्दाम दिलेली आहे. एकाच उपकरणाला सारखेच जुळणारे दोन ड्रायव्हर समोर आले, तर विंडोज नव्या तारखेचा निवडते. म्हणून स्वतःच्या ड्रायव्हरची तारीख कायम मागे ठेवली, की उत्पादकाने खास तयार केलेला ड्रायव्हर आपोआप वरचढ ठरतो. आतील फाइल मात्र विंडोजच्या अद्यतनांबरोबर बदलत राहते. त्याच खिडकीत तारखेखाली आवृत्तीचा आकडा असतो आणि विंडोज १० किंवा ११ वर तो १०.० ने सुरू होतो, यावरून ते लक्षात येते.

आता जे अपडेटर केवळ तारीख पाहून जुने-नवे ठरवते, त्याचे काय होणार, हे उघड आहे. मी वापरलेल्या एका सॉफ्टवेअरने यूएसबीच्या निरोगी ड्रायव्हरांपुढे लाल अक्षरांत ‘कालबाह्य’ असे लिहिले, पुढील प्रत्येक तपासणीत तेच पुन्हा लिहिले, आणि ज्या डिस्कसाठी मी ते उघडले होते तिच्याबद्दल एक अक्षरही सांगितले नाही. ती डिस्क का दिसत नाही, हा माझा प्रश्न होता. नवा ड्रायव्हर आहे का, या वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर ते देत होते. सगळीच सॉफ्टवेअर अशी नसतील, पण चालत्या ड्रायव्हरच्या जागी कुठूनतरी आलेला दुसरा बसवण्याची जोखीम या कारणासाठी घ्यावी, असे मला वाटत नाही.

डिव्हाइस मॅनेजरही फार बोलका नाही, हे मान्य करावे लागते. त्यातील ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडले, की डिस्क बंद पडलेली असतानाही ‘सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे’ असे उत्तर येते आणि माणूस चिडतो. मात्र अडचण असलेल्या उपकरणापुढील पिवळ्या खुणेवर दोनदा क्लिक केल्यावर मिळणारा कोड मोलाचा असतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होत नाही. कोड १९ म्हणजे रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतील, त्या उपकरणाची नोंद बिघडलेली आहे. कोड ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच अडचण कळवली म्हणून विंडोजने त्याला थांबवले आहे. येथे ड्रायव्हरपेक्षा केबल, पोर्ट किंवा खुद्द डिस्क यांच्यावर संशय घेणे बरे. पोर्टेबल हार्ड डिस्क असेल तर विशेषच, कारण यूएसबी २.० च्या पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर आणि ३.० कडून ९०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळण्याची हमी असते, आणि डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टवर अडणारी डिस्क मागच्या पोर्टवर सुरळीत चाललेली मी अनेकदा पाहिली आहे.

ड्रायव्हरची नोंदच बिघडली असेल, तर उपाय साधा आहे. ‘व्ह्यू’ मेनूतून लपलेली उपकरणे दाखवायला सांगावे, त्या डिस्कची आणि ‘यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस’ची नोंद अनइन्स्टॉल करावी, डिस्क काढावी, संगणक रीस्टार्ट करावा आणि मग ती पुन्हा जोडावी. वेगवान डिस्कची ‘यूएएस’ (यूएसबी अटॅच्ड स्कझी) ही नोंद यूएसबीच्या गटात सापडत नाही. ती ‘स्टोरेज कंट्रोलर्स’खाली असते. रूट हब किंवा होस्ट कंट्रोलर (सगळे यूएसबी पोर्ट चालवणारे भाग) यांना हात लावू नये, कारण त्यांच्याबरोबर यूएसबीचे माउस आणि कीबोर्डही बंद पडू शकतात. येथे शट डाउन न करता रीस्टार्टच करावे, असे मी आग्रहाने सांगेन; ‘फास्ट स्टार्टअप’ ही संगणक लवकर सुरू करणारी सोय चालू असल्यास शट डाउन करताना विंडोज ड्रायव्हरांची चालू स्थिती जपून ठेवते आणि बिघाडही तसाच परत येतो.

याच खिडकीमुळे आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे काही वेळा दोष ड्रायव्हरचा नसतोच. डिस्क येथे खुणेविना दिसते आणि एक्सप्लोररमध्ये दिसत नाही, तेव्हा पुष्कळदा तिला ड्राइव्हचे अक्षर (D:, E: यांसारखे) मिळालेले नसते. ते विंडोजमधल्याच डिस्क मॅनेजमेंटमधून देता येते. थोडा वेळ चालून डिस्क तुटत असेल, तर पॉवर ऑप्शन्समधील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ ही वीज वाचवणारी सोय बंद करून पाहावे. कार्यालयातून मिळालेल्या लॅपटॉपवर यूएसबी साठवणूक धोरण म्हणून रोखलेली असू शकते, आणि तेथे खटपट करण्याऐवजी संगणक विभागाला विचारणेच योग्य. नवा ड्रायव्हर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीस यांपैकी काहीच पडत नाही.

एका ठिकाणी मात्र मी अपडेटरच्या बाजूने बोलेन. जुन्या फाँटांवर आणि जुन्या सॉफ्टवेअरवर काम अडलेल्या डीटीपीच्या दुकानांत विंडोज ७ अजूनही भेटते. त्या विंडोजमध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळात नाही. तो विंडोज ८ पासून आला. अशा संगणकावर निळ्या पोर्टला काहीच चालत नसेल आणि नेटवर्कचा ड्रायव्हरही नसल्याने इंटरनेट बंद असेल, तर इंटरनेटविना चालणारा ड्रायव्हरांचा संच काळ्या, म्हणजे २.० च्या पोर्टमधून बसवणे सोयीचे पडते. मदरबोर्डचे मॉडेल माहीत असेल, तर दुसऱ्या संगणकावरून तिच्या उत्पादकाचाच ड्रायव्हर उतरवून घेणे मला अधिक सुरक्षित वाटते.

विंडोज १० किंवा ११ असेल, तर मी आधी दुसरा पोर्ट आणि दुसरी केबल वापरून पाहीन, मग डिव्हाइस मॅनेजरमधील कोड वाचीन, आणि ड्रायव्हर खरोखरच हवा असेल तर विंडोज अपडेटमधील ऐच्छिक अद्यतने उघडीन. दोन वेगवेगळ्या संगणकांवर कोड ४३ येत असेल किंवा विंडोज डिस्क फॉरमॅट करायला सांगत असेल, तर ड्रायव्हरचा विषय तेथेच सोडावा, फॉरमॅटला नकार द्यावा आणि आतील फाइली हव्या असतील तर ती डिस्क पुन्हा पुन्हा जोडून न पाहता डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी.