चौदा महिने, ८७० किलोमीटर आणि एक बिननंबरी गाडी

परवा आमच्या गाडीची वही चाळत होतो, म्हणजे आम्ही चौघांनी सुट्या भागांच्या किटमधून जुळवलेल्या गाडीची. पेशाने हिशेबनीस, त्यामुळे ती वहीसुद्धा खतावणीसारखीच ठेवलीय. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्याला चौदा महिने झाले. एवढ्या काळात गाडी चालली ८७० किलोमीटर (सायकलचा मीटर चाकाला लावलाय, त्यावर भरवसा ठेवून), आणि तिच्याखाली झोपून, वाकून, उकिडवं बसून घालवलेले तास भरले ४१२. दोन किलोमीटरमागे साधारण एक तास. हा दर ज्यांना ऐकूनच परवडत नाही त्यांनी इथेच थांबलं तरी मला राग नाही.

गाडी म्हणजे लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवरची दोन सीटची उघडी गाडी. दार नाही, टप नाही, डिकी म्हणावी अशी जागा नाही. सांगाडा २५ मिमीच्या चौकोनी पाइपचा, त्यावर रिव्हेट मारलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, नाक आणि मडगार्ड फायबरचे. सांगाडा, विशबोन (चाकाला सांगाड्याशी जोडणारे दांडे), पुढचे अपराइट (ज्यांवर हब बसतात ते उभे तुकडे) आणि फायबरचे भाग किटमध्ये आले. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल एका जिप्सीचा. आई शेडमध्ये पहिल्यांदा आली तेव्हा दोन प्रदक्षिणा घालून म्हणाली, "बाकीची कधी येणार?"

खर्च एकदाचा सांगून टाकतो. किट ३ लाख १० हजार, ठोकलेली जिप्सी १ लाख ४० हजार, आणि उरलेलं किरकोळ म्हणून जे खात्यात टाकत गेलो ते २ लाख ९०. किरकोळाने किटला जवळजवळ गाठलं. ब्रेकचे पाइप, होज, बोल्ट, लेथवरची कामं, वेल्डिंगचे रॉड आणि चहा. त्यात धायरीच्या शेडचं भाडं धरलेलं नाही. ते घरी सांगितलेलं नाही.

आता नंबराचा प्रश्न, कारण भेटेल तो हाच आधी विचारतो. नंबर मिळत नाही. नवीन गाडीच्या नोंदणीला उत्पादकाचा फॉर्म २२, म्हणजे गाडी नियमांप्रमाणे बनल्याचा दाखला, लागतो आणि त्यामागे केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खालची नमुना चाचणी असते. ज्या संस्था ती चाचणी करतात त्यातली एक, एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), आमच्या वेताळ टेकडीवरच बसलेली आहे. टेकडीवर फिरायला जाताना तिच्या कुंपणाकडे बघून उसासा टाकायचा, एवढाच आमचा तिच्याशी संबंध. एका गाडीसाठी एक माणूस ते सगळं करू शकत नाही. "जिप्सीच्याच आरसीवर चालव की" असं सुचवणारे पाच-सहा जण भेटले. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारावरचं कलम ५२ वाचा, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेपलीकडे फेरफार चालणार नाही असं म्हटलंय तेही वाचा. आम्ही जिप्सीची आरसी रद्द करून घेतली, चेसी नंबरचा तुकडा कापून जमा केला आणि विषय मिटवला. किट विकणारा "नंबरचं बघून घेऊ" असं म्हणाला, तर त्याच्याकडून घेऊ नका. आमचाही तसंच म्हणाला होता.

म्हणून आमची गाडी रस्त्यावर चालत नाही, ती रस्त्यावरून फ्लॅटबेडवर नेली जाते. सासवडच्या बाजूला एका ओळखीच्यांची प्लॉटिंगची जागा आहे. आतले डांबरी रस्ते झाले, विजेचे खांब लागले, बंगले मात्र आले नाहीत. फाटक लावून घ्यायचं, वॉचमनला नाश्ता द्यायचा आणि फेऱ्या मारायच्या. दिवे घाटातून जाऊन-येऊन फ्लॅटबेडचे साडेतीन हजार. म्हणून महिन्यातून एकदा, फार तर दोनदा.

किटबद्दल बोलतो, कारण परीक्षण म्हटलं की तेच हवं. सेव्हन १९५७ साली ब्रिटनमध्ये आली तीच मुळी किट म्हणूनही. तयार गाडीवर तिथे खरेदी कर लागायचा, सुट्या भागांच्या पेटीवर नाही. पण पेटीसोबत जुळणीची माहिती द्यायची नाही असा नियम. मग कंपनी गाडी सुटी कशी करायची याची पुस्तिका द्यायची आणि लोक ती शेवटाकडून वाचायचे. १९७३ ला तिथे व्हॅट आला, ती पळवाट बुजली, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. आपल्याकडेही अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने इसुझूच्या १.८ लिटर इंजिनावर याच वळणाची रोडस्टर बनवली होती. आम्हाला मात्र उलटी पुस्तिकासुद्धा मिळाली नाही. मिळाली ती मोबाइलवर काढलेल्या तेवीस फोटोंची फाइल, त्यातले चार दुसऱ्याच गाडीचे.

सांगाड्याचं वेल्डिंग चांगलं आहे, हे मान्य करायलाच हवं. पण डावीकडचा खालचा विशबोन उजवीकडच्यापेक्षा सहा मिलिमीटर आखूड निघाला. फोनवर उत्तर मिळालं, "ॲडजस्ट होऊन जाईल." सहा मिलिमीटर म्हणजे कपाटाच्या दाराला कागदाची घडी लावण्याइतकी बाब नव्हे, चाकाचा कोन आहे. शेवटी भोसरीत एका ओळखीच्या शॉपमध्ये नवा जिग (वेल्डिंगचा साचा) करून दोन्ही विशबोन पुन्हा बनवले. सहा हजार आणि तीन आठवडे.

त्याहून छळलं ते स्टिअरिंगच्या रॅकने, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याने. जिप्सीचा स्टिअरिंग बॉक्स इथे बसत नाही, म्हणून मारुती ८०० चा रॅक घातला. गाडी सपाट रस्त्यावर सरळ, पण खड्डा आला की स्टिअरिंग न हलवता नाक डावीकडे-उजवीकडे. कारण असं की चाक वर-खाली होताना विशबोन एका वर्तुळात फिरतो आणि रॅकपासून चाकाकडे जाणारा टायरॉड दुसऱ्या. दोन्हींचं जुळलं नाही तर चाक आपोआप वळतं. स्प्रिंग काढली, हबला पुठ्ठा बांधला, त्यावर एक लेझर पॉइंटर चिकटवला आणि जॅकने चाक एकेक सेंटिमीटर उचलत भिंतीवर ठिपक्यांच्या खुणा केल्या. सरळ उभी रेघ यायला हवी होती, आली केळीसारखी. रॅकखाली एक मिमीच्या पट्ट्या घालत गेलो. नवव्या पट्टीला केळं सरळ झालं. त्या भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा मी अजून पुसू दिलेल्या नाहीत.

चाकांचं एक गाऱ्हाणं. पुढे स्विफ्टचे हब, चार बोल्टचे. मागे जिप्सीचा ॲक्सल, पाच बोल्टचा. पुढचं चाक मागे बसत नाही आणि मागचं पुढे. विकत घेताना कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता स्टेपनी म्हणून दोन चाकं न्यावी लागतात, आणि गाडीत एकालाही जागा नाही.

इंजिनावर मात्र मी खूश आहे. जिप्सीचं १.३ लिटर, सोळा व्हॉल्व्ह, एमपीएफआय, ८० हॉर्सपॉवर. जिप्सी जवळपास टनाची. आमची गाडी नऱ्ह्याच्या वजनकाट्यावर ६३० किलो भरली, म्हणजे मारुती ८०० च्याही किंचित आत. तेच ऐंशी घोडे इथे वेगळेच वागतात. शिवाय जिप्सीत साध्या रस्त्याच्या रेंजलासुद्धा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) गती १.४ पट घटवते. ती काढून गिअरबॉक्समधून थेट मागे शाफ्ट नेला की प्रत्येक गिअर तेवढा लांब होतो. जिप्सीत तिसरा कधी संपला ते कळत नाही, इथे तिसऱ्यावर आमचा अख्खा सरळ रस्ता संपतो.

तो शाफ्ट पहिल्या वेळी कापून जोडून आणला तेव्हा साठच्या पुढे दात वाजायला लागले. बॅलन्सिंग करून आणलं, तरी तेच. दोनदा फ्लॅटबेड वाया. शेवटी काकांनी शाफ्ट हातात घेतला, एका डोळ्याने टोकाकडून बघितलं, मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "अरे, क्रॉस आडवेतिडवे लावलेत." दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत हवेत, वेल्डिंग करणाऱ्याने एक नव्वद अंशांत फिरवून जोडला होता. सात हजारांचा धडा, पाच सेकंदांत.

काका टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) निवृत्त झालेले. पंचाहत्तरीला आलेत, गुडघे दुखतात, म्हणून त्यांना गाडीखाली जाऊ द्यायचं नाही असा काकूंचा सक्त हुकूम आहे. ते स्टुलावर बसून हुकूम सोडतात. दुसरा एक इंजिनिअरिंगचा मुलगा, कॉलेजात बाहा या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बनवलेला. जिप्सीचं वायरिंग त्याने दोन रात्रींत टेप सोलून निम्म्यावर आणलं; काढलेल्या तारांचा भेंडोळा चार किलो भरला. तिसरे एक दाताचे डॉक्टर. त्यांना पाना धरता येत नाही, पण फायबरला पॉलिश असं करतात की नाकात आपलं तोंड दिसतं. हे सगळे कसे जमले हे सांगण्यासारखं नाही. एकाने दुसऱ्याला आणलं. रविवारी सकाळी नऊला शेडचं शटर वर जातं आणि पहिला पाऊण तास काम कुणीच करत नाही.

गेल्या एप्रिलमधला प्रसंग सांगायलाच हवा. सासवडला दुपारची वेळ, पाचवी फेरी. तापमानाचा काटा हळूहळू वर चढत होता आणि अचानक खाली आला. मी हात वर करून ओरडलो, "थंड झाली!" काका स्टुलावरून उठून पळत आले, गुडघे विसरून. "बंद कर! आधी बंद कर!" झालं होतं असं: सेव्हनचं नाक बुटकं, त्यामुळे रेडिएटरचं झाकण इंजिनाच्या हेडपेक्षा खाली. पाणी भरताना हवा हेडमध्ये अडकून राहिली. पाणी उतरलं, सेन्सर हवेत उघडा पडला आणि हवेचं तापमान दाखवायला लागला. काटा खाली, हेड तापलेलं. नशीब, गॅस्केट वाचलं. आता इंजिनापेक्षा उंचावर, इंजिन आणि सीटमधल्या पार्टिशनवर एक छोटी पाण्याची टाकी बसवलीय, भरायचं ते तिथूनच. किट घेणाऱ्यांनी ही टाकी पहिल्या दिवशीच बसवा.

पावसाळ्याचे चार महिने गाडी स्टँडवर. त्याबद्दल फार लिहीत नाही. पत्रा ॲल्युमिनियमचा, पाइप लोखंडाचा, मध्ये ओल गेली की पांढरी पावडर येते. जोडांत सीलंट भरा. आणि उंदीर. वायरिंगचं जे निम्मं उरलं होतं त्यातलं थोडं त्यांनी आणखी कमी केलं.

चालवायला कशी आहे? बसायचं म्हणजे स्टिअरिंग काढून आत घसरायचं. बूड जमिनीपासून वीतभर वर. हात बाहेर सोडला तर बोटं डांबराला लागतील, पण सोडू नका. पुढची दोन्ही चाकं मडगार्डसकट डोळ्यांसमोर वळताना दिसतात, सस्पेन्शन खाली-वर होताना दिसतं. आपणच जोडलेला बोल्ट आपल्यासमोर काम करताना दिसणं ही काय चीज आहे ते सांगता येत नाही. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर दुसऱ्यात टाकून पाय दाबला की मागचं बूड हातभर सरकतं आणि लगेच परत येतं. वेग असतो जेमतेम पन्नास. डोक्यावरून वारा, उजव्या पोटरीला सायलेन्सरचा चटका, दातांत सासवडची धूळ. मागचा ॲक्सल मात्र जड आहे, हे लपवत नाही. रस्ता खडबडीत असला की मागून कुणी बैठका मारतंय असं वाटतं. किटसोबतच्या मागच्या स्प्रिंग फार कडक होत्या, मऊ घातल्यावर निम्मा त्रास गेला, निम्मा राहिला.

प्लॉटिंगच्या रस्त्यावर बंगले नसले तरी स्पीडब्रेकर आहेत, दोन. इंजिनाचा संप, म्हणजे तळातलं तेलाचं भांडं, जमिनीपासून ११० मिमी. दर फेरीला दोघांनी फळ्या घेऊन पळायचं, गाडी पार करायची, फळ्या उचलायच्या. वॉचमनने पहिल्या दिवशी विचारलं, "ही गाडी चालते का माणसं?" आता तोच एक फळी धरतो.

खंडेनवमीला पूजा केली. हळद-कुंकू नाकावर, झेंडू स्टिअरिंगला, चार चाकांखाली चार लिंबं. पाने, गोट्या, ग्राइंडर, काकांचा जुना मायक्रोमीटर, सगळं एका पाटावर. डॉक्टरांनी नारळ फोडला आणि पाणी त्यांच्याच पॉलिशवर उडालं. आईने त्या दिवशी पहिल्यांदा आत बसून बघितलं. बाहेर काढायला तिघं लागलो. मग म्हणाली, "बरी आहे. पण पाय लांब करून झोपता येतं एवढंच."

घ्यावी का, असं विचारणाऱ्यांना मी शेडवर बोलावतो. एक रविवार गाडीखाली घाला. कमरेला आणि मनाला चाललं तर पुढचं बोलू. नुसता वेग हवा असेल तर साडेसात लाखांत चांगली मोटरसायकल येते, नंबरासकट. एकट्याने करायचा विचार असेल तर माझं स्पष्ट मत, नका करू. ब्रेकमधली हवा काढायलाच दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक निपलवर, आणि दोघांत भांडण न होण्याइतकी मैत्री लागते. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेसट्रॅकवर न्यायचा बेत दोनदा झाला आणि दोनदा बारगळला. एकदा डॉक्टरांच्या मुलीची परीक्षा, एकदा क्लचची केबल.

सध्या मागच्या डाव्या हबमधून तेल गळतंय, तिसऱ्यांदा. सील दोनदा बदलला. काकांचं म्हणणं, सील चांगला आहे, शाफ्टवरच चरा पडलाय, तो लेथवर दाखवावा लागेल. मला वाटतं बेअरिंग. मुलगा म्हणतो दोन्ही. रविवारी उघडतोय. ब्रेकड्रम धरून बसलेला असतो, म्हणून ज्याच्याकडे मोठा पुलर (ड्रम ओढून काढायचं हत्यार) असेल त्याने तो आणावा. चहा माझ्याकडे.